बाबल्याचं वैराग्य

माझ्या भावाला वैराग्य आलं तेव्हा घरातून पहिला गेला तो मिक्सर.

वैरागी माणसाचं स्वतःचं काहीतरी जावं अशी आपली भाबडी समजूत. हातातलं घड्याळ, बोटातली अंगठी, गेला बाजार तंबाखूची डबी. बाबल्याने जन्मात मिक्सरला हात लावलेला नाही. त्याचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं हेसुद्धा त्याला विचारावं लागेल. पण त्या रविवारी तो उठला, ओट्यावरचा मिक्सर पिशवीत घातला आणि रत्नागिरीच्या गाडीत जाऊन बसला. त्याची बायको सखू खोबरं खवून वाटायला आली तर ओट्यावर मिक्सरच्या बुडाचे डाग तेवढे उरलेले. संध्याकाळी हा हात हलवत परत आला. म्हणाला, "आज एक बंधन सुटलं." सखूने पाट्यावर वाटलं आणि त्याला जेवायला वाढलं. आमटीला आज चव आलीय म्हणाला मेला.

मी बकुळा, त्याची थोरली बहीण. हातखंबा सोडून लांज्याकडे निघालं की आतल्या अंगाला आमचं गाव. माहेर एका वाडीत, सासर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत, म्हणजे माहेरी भांडं पडलं तरी मला ऐकू येतं. नवरा देवाघरी गेला, मुलगी चिपळुणात नांदते. मी जन्मभर अंगणवाडी चालवली, त्यामुळे समोरचा शेंबडा पोर असो की पिकल्या मिशांचा, मूर्खपणा केला की माझा आवाज तोच लागतो. बाबल्याला तो आवाज लहानपणापासून ठाऊक आहे आणि त्याचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

बाबल्याची उमेदीची सगळी वर्षं मुंबईत गेली. एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. त्याच्या सहीशिवाय तिथून खिळा हलत नसे, हे त्याने इतक्या वेळा सांगितलंय की तो खिळा रस्त्यात भेटला तर मी ओळखीन. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, पालखी नाचवायचा आणि परत जायचा. सखू इथे. सासू-सासऱ्यांचं तिने केलं, मुलाला तिने वाढवलं, शेत तिने लावलं. मग हा निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि पडवीत खुर्ची टाकून बसला. थोड्या दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की इथे त्याला विचारून कोंबडीसुद्धा अंडं घालत नाही. माणूस खचला. खचला म्हणजे दिसेल त्याच्या कामात तोंड घालायला लागला. तेवढ्यात त्याला निःसंग केंद्र सापडलं.

हे केंद्र रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला आहे. त्यांचे गुरुजी लांब कुठेतरी असतात, इथे पडद्यावर येतात. शिकवण अशी की पैसा, घर, वस्तू हे सगळं ओझं. ते एकेक करून उतरवत न्यायचं, म्हणजे आत्मा हलका होतो. शिकवणीत खोट काय काढणार? आमच्या देवळातल्या कीर्तनातही हेच सांगतात आणि मग आरतीचं ताट फिरवतात. पण केंद्राची एक रीत आहे. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपण काय सोडलं ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून आपल्याला हात जोडायचे. झालं. बाबल्यापुढे आयुष्यात कोणी हात जोडले नव्हते. त्याला त्याची चटक लागली. दारूची चटक लागलेल्याला घरचे चार शब्द सुनवू तरी शकतात, ह्याला तेही नाही.

त्यात त्याचं कागदावरचं नाव बाबाजी. आमच्या गावात घरटी एक बाबाजी निघेल. केंद्रातल्या शहरी लोकांना वाटलं ही पदवीच आहे. ते बाबाजी, बाबाजी करत त्याच्यापुढे वाकायला लागले, आणि ह्याने कोणाला सांगितलं नाही की बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव आहे.

मिक्सरनंतर टीव्ही गेला, कारण संध्याकाळी सखू मालिका बघायची आणि ती माया होती. हा फोनवर बातम्या बघतो ती माया नव्हे. गेलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो व्हॉट्सॲपवर, खाली 'हेही सुटलं' आणि जोडलेले हात. मग सखूच्या आईने तिला दिलेला तांब्याचा हंडा गेला. त्या दिवशी मी पऱ्या ओलांडून गेले.

पांढरा सदरा घालून पडवीत बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बाबल्या, हंडा कुणाचा होता?"

"आक्का, कुणाचं काय नसतं गो. आपण नुसते सांभाळणारे."

"सांभाळत होती सखू. दिलास तू."

"देणारा मी कोण?" असं म्हणून त्याने डोळे मिटले. डोळे मिटले की वाद संपतो असं त्याला तिथे शिकवलंय.

"डोळे उघड. तुझा फोन का नाय दिलास?"

"ते साधन हाय."

"आणि कापसाची गादी?"

"माझ्या कमरेचं तुला ठाऊक हाय."

"पेन्शन?"

"देह आहे तोवर देहाचा धर्म पाळावा लागतो, आक्का. गुरुजींनी सांगितलंय."

"म्हणजे तुझ्या देहाला धर्म आणि सखूच्या देहाला पाटा-वरवंटा."

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. अजून हिची वेळ आली नाही, अशी ती दया होती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. आत सखू चुलीपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि मला चहा आणून दिला. कानतुटक्या कपातून, कारण बरे कप त्याच्या आदल्या रविवारीच गेले होते.

आता देवाधर्मावर माझा राग आहे असं कोणी समजू नये. मी चतुर्थी करते, देवळात जाते, गाऱ्हाणं घालताना इतरांपेक्षा मोठ्याने 'व्हय महाराजा' म्हणते. माझा राग आहे तो पैशाला नावं ठेवणाऱ्या माणसांवर. त्यांच्यासाठी तो दुसरं कोणीतरी मिळवत असतं. ज्याला उद्याच्या तांदळाची पंचाईत आहे, त्याने पैसा माया आहे म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. खरोखर सोडणारी माणसंही मी बघितलीत. ती सोडतात आणि पुढच्या कामाला लागतात. वडलांच्या माघारी मी हक्कसोड लिहून दिलं आणि सगळं बाबल्याच्या नावावर होऊ दिलं. कोणी हात जोडले नाहीत. कचेरीसमोर बाबल्याने चहा पाजला आणि त्यात साखर कमी होती.

त्यातच घरामागचा उतार आला. पूर्वी तिथे गवत आणि करवंदीच्या जाळ्या होत्या, गुरंसुद्धा वर चढायला कंटाळायची. सखूने तिथे रातांब्याची झाडं लावली. डोक्यावरून पाणी वाहून जगवली. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. उन्हाळ्यात पिकतं. फोडून साल वेगळी करायची, तिला रसाची पुटं देत उन्हात वाळवायची, की आमसुलं होतात. रस मिठात ठेवला की आगळ. वैशाखात सखूचं मागचं अंगण सालांनी लाल होतं आणि वाडीतल्या बायका तिच्याकडे फोडायला बसतात. त्या उतारावर तिचा मुलगा हितेश शिकला, घराला पत्रा गेला आणि कौलं आली. बाबल्या म्हणतो त्याच्या पगारावर आली. त्याचा पगार मुंबईतच संपायचा, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

आणि सखूही देते, बरं का. मोसमातली पहिली टोपली ती उताराच्या टोकाला, जागा राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापाशी ठेवून येते. तिथे थांबत नाही, मागे वळून बघत नाही. ती टोपली कोण खातं असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "ज्याला भूक असंल तो खाईल की." तिच्या तोंडून अध्यात्मावरचं दुसरं वाक्य मी ऐकलेलं नाही.

चैत्र सरता सरता बाबल्याने जाहीर केलं की अक्षय्य तृतीयेला तो हा उतार केंद्राला दान देणार. तिथे ध्यानकुट्या व्हायच्या होत्या. झाडं काढून जमीन सपाट करायची, खाली विहीर आहे ती कुट्यांना घ्यायची. आधी घरी भटजींच्या हातून उदक सोडायचं, म्हणजे दानाचा विधी करायचा, आणि मग दोन दिवसांनी केंद्राची माणसं त्याला कागद करायला रत्नागिरीला नेणार. सातबाऱ्यावर नाव त्याचं एकट्याचं. हितेशला फोन केला तर तो म्हणाला, तुम्ही मोठी माणसं, तुमचं तुम्ही बघा. मुलगा बापावर गेलाय, त्याला फक्त अजून केंद्र सापडलेलं नाही.

मी सखूकडे गेले. ती मागच्या अंगणात एकटीच रातांबे फोडत बसली होती. मनगटापर्यंत हात लाल. मी तिच्या शेजारी बसले आणि एक फळ उचललं.

"सखू, तू काय बोलणार हायस की नाय?"

"काय बोलू, वन्सं? नाव त्यांचं."

"नाव त्याचं, पण घाम तुझा ना गो."

तिने हातातलं फळ फोडलं. मग म्हणाली, "माझं काय नाय हे मला ह्या घरात आले त्या दिवसापासून ठाऊक हाय. त्यांना आत्ता कळलं, म्हणून एवढा गाजावाजा." तिने साल बाजूला टाकली. "मिक्सर गेला, मी पाट्यावर वाटलं. टीव्ही गेला, लवकर झोपले. आईचा हंडा गेला तेव्हा मला खूप रडू आलं, पण म्हटलं जाऊ दे, आईच राहिली नाय. पण वन्सं, उतार गेला तर मी सकाळी उठून जाऊ कुठं? ह्या पडवीत त्यांच्यासमोर बसू?"

तिला खरंच भीती वाटत होती. लग्न होऊन आली तेव्हाही मी तिला इतकी घाबरलेली बघितली नव्हती. आणि तिकडे पडवीत तो हलका झालेला आत्मा फोनवर कोणाला तरी मांडवाचा रंग सांगत होता.

अक्षय्य तृतीया आली. अंगणात मांडव, मांडवाला पांढरं कापड, आणि पांढऱ्या कापडावर केंद्राचं नाव. अख्खी वाडी जमली होती, कारण पंगत होती. ती पंगत कोणी रांधली असेल हे सांगायला नको. सखू पहाटेपासून दोन बायकांना घेऊन चुलीपुढे होती. काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, भात, खीर. स्वतःचीच जमीन जायची आणि वर स्वतःच पंगत वाढायची, ही पाळी दुसऱ्या कोणावर आलेली मला माहीत नाही. केंद्रातर्फे विनीत नावाचा माणूस आला होता. इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात माळ, बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. त्याच्याबरोबर मोबाईल काठीला लावून चित्रीकरण करणारी एक मुलगी होती. तो बाबल्याच्या पाया पडला. बाबल्याने त्याला उठवलं नाही, नीट पडू दिलं.

भटजी हर्षद. तरुण आहे, मोटारसायकलवरून येतो, घड्याळ बघत मंत्र म्हणतो, पण विधीत काटछाट करत नाही. त्याने बाबल्याला पाटावर बसवलं आणि उजव्या हाताला दुसरा पाट मांडला. म्हणाला, "वहिनींना बोलवा."

बाबल्या म्हणाला, "तिला कशाला? ती कामात हाय."

"सपत्नीक संकल्प आहे, बाबाजी. त्यांना बसावं लागेल."

इतके रविवार ह्याने एकट्याने सोडलं होतं. सोडताना बायको लागते हे त्याला त्या पाटावर बसल्यावर कळलं. सखू हात पुसत आली. साधं लुगडं, कपाळाला घाम. तिच्या हातांचा लाल रंग गेला नव्हता, तो मोसम संपेपर्यंत जात नाही. ती पाटावर बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

पूजा झाली. केळीच्या पानावर उताराची ओंजळभर माती आणून ठेवली होती, जमिनीच्या जागी. वर तुळशीचं पान. हर्षदने बाबल्याला उजव्या हाताचा पसा करायला सांगितला आणि पळीत पाणी घेतलं. समजावून म्हणाला, "आता मी हातावर पाणी घालीन. ते ताम्हणात सोडायचं आणि म्हणायचं, न मम. म्हणजे हे माझं नाही. वहिनी, तुम्ही ह्यांच्या हाताला हात लावा."

बाबल्याने हात पुढे केला. मान जराशी वर, कॅमेऱ्याच्या बाजूला. सखूचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

"वहिनी, हात लावा," हर्षद पुन्हा म्हणाला.

"लाव ना गो," बाबल्या ओठातल्या ओठात म्हणाला. चेहऱ्यावरचं तेज तसंच ठेवून बोलायचं होतं त्याला, ते जमेना.

सखूने हर्षदला विचारलं, "माझा हात नाय लागला तर काय होतं, भटजी?"

हर्षदने पळी थांबवली. "दान पुरं होत नाही. घर दोघांचं असतं ना. एकाने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं तर ते सुटलं कसं म्हणायचं?"

मांडवात कोणी खोकलं. विनीतने मुलीला खूण केली, तिने मोबाईल जरा खाली घेतला. बाबल्याचा हात अजून पुढे होता, पण उताणा हात किती वेळ धरणार?

"सखू," तो म्हणाला, "आसक्ती सोड. एवढ्या लोकांसमोर मला खाली बघायला लावू नको."

मी मागून म्हणाले, "दान राहिलं बाजूला, ह्याचं खाली बघणं बघा." कोणीतरी हसलं.

सखू हसली नाही. हर्षदला म्हणाली, "मला एक विचारायचं हाय. बायकोला आपलं काय सोडायचं असंल तर त्याला नवऱ्याचा हात लागतो काय?"

हर्षद गडबडला. "स्वतःच्या मालकीचं असेल, म्हणजे माहेराहून आलेलं, लग्नात आईबापांनी दिलेलं, तर ते तिचं तिला देता येतं. त्याला नाही लागत."

"लग्नात दिलेलं. बरं," सखू म्हणाली. "मग पाणी घाला माझ्या हातावर."

तिने उजव्या हाताचा पसा केला. हर्षदला काही उमजलं नव्हतं, पण पळी भरलेली होती आणि समोर हात आला होता, त्याने सवयीने पाणी घातलं. सखूने डावा हात बाबल्याच्या खांद्यावर ठेवला. हळूच ठेवला, ढकलला नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण न ओरडता म्हणाली, "हा माझा नवरा. आईबापांनी मला लग्नात दिला. इतकी वर्षं मी सांभाळला, मुंबईत होता तेव्हाही सांभाळला. तो मी केंद्राला दिला. माझा नाय." आणि तिने पाणी ताम्हणात सोडलं.

वाडीतल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले, काही हसण्यासाठी आणि काही नाही. बाबल्या ताम्हणातल्या पाण्याकडे बघत होता.

सखूने मान वळवून विनीतला विचारलं, "घेताव ना?"

विनीत हसला. त्याला वाटलं हे गावाकडचं गमतीचं काहीतरी आहे. मग कोणी हसत नाही हे बघून त्याने चेहरा नीट केला. "काकू, बाबाजी आमच्या परिवारातलेच आहेत."

"मग घेऊन जा. आजच. कपडे मी बांधून देते. कमरेला गादी लागते, ती पण न्या. सकाळी उठल्या उठल्या कोरा चहा लागतो, दुपारी भात मऊ लागतो, रात्री भाकरी लागते, पण ती गरम. पाय चेपायला लागतात. एवढं केलं की त्रास नाय माणसाचा."

"तसं नसतं, काकू. केंद्रात राहायची सोय शिबिरापुरती असते. नोंदणी करावी लागते."

"मग नोंदणी करा."

"शिबिर तीन दिवसांचं असतं," विनीत म्हणाला. "कायमचं कोणी राहत नाही तिथे. वयस्कर माणसांची जबाबदारी आम्हाला घेता येत नाही."

बाबल्याने मान वर केली. मी माझ्या भावाला उघडा-नागडा खेळताना बघितलाय, विहिरीत पडून बाहेर काढलेला बघितलाय, बापाच्या चितेपाशी बघितलाय. पण विनीतकडे बघणारं हे तोंड मी पूर्वी बघितलं नव्हतं. "विनीतजी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात ना, हेच माझं घर आहे म्हणून?"

"आहेच ना, बाबाजी. भावनेने आहेच." विनीत उठला, कुर्ता झटकला. "आपण असं करू. घरात एकमत झालं की तुम्ही कळवा. संस्थेचा नियम आहे, घरच्यांची सहमती नसेल तर आम्ही जमीन घेत नाही. उगाच बोलणी नकोत." त्याने मुलीला मोबाईल बंद करायला सांगितलं. जाताना तो बाबल्याच्या पाया पडायचा राहिला. जेवायलाही थांबला नाही. त्यांच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी बाबल्या पाटावरच होता, हाताचा पसा अजून उताणा.

हर्षदने हळूच सामान आवरलं. केळीच्या पानावरची माती कुठे टाकू असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जिथून आणली तिथे. तो स्वतः वर जाऊन टाकून आला.

पंगत बसली. भूक कोणासाठी थांबत नाही आणि आमची वाडी तर मुळीच नाही. सखू उठली, पदर खोचला आणि वाढायला लागली. बाबल्या नेहमी आत स्वयंपाकघरात पाटावर जेवतो, पहिला. आज तो उठून आत गेला तर आत पाट मांडलेला नव्हता. बाहेर आला. पंगतीच्या शेवटाला एक पान रिकामं होतं, तिथे बसला. सखू वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. भात वाढला, आमटी वाढली, भाजी वाढली. कमी नाही आणि जास्त नाही. बाजूच्याला जितकं वाढलं तितकंच, आणि पुढे गेली. त्याने खीर मागितली तेव्हा खीरही वाढली. मला दया आली का विचाराल तर नाही आली. मला खीर आवडली, मी दोनदा घेतली.

माणसं पांगली. मांडवाचं कापड सोडवायला कोणी थांबलं नाही, ते वाऱ्यावर फडफडत राहिलं. सखू विहिरीवर भांडी घासायला बसली आणि मी तिच्याबरोबर धुवायला. थोड्या वेळाने बाबल्या आला. लांब उभा राहिला. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला होता आणि त्याला तो कळला नव्हता.

"सखू," तो म्हणाला. कठड्यापाशी आला. मग म्हणाला, "ते पाणी तू खरंच सोडलंस काय?"

सखूने हातातलं पातेलं घासून पुरं केलं. माझ्याकडे दिलं. मग त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, दमलेल्या माणसासारखं बघितलं.

"तुम्ही सगळं सोडलंव ते खरं असंल," ती म्हणाली, "तर माझंही खरं. तुमचं खोटं असंल तर माझंही खोटं. आता तुम्हीच सांगा."

मला वाटलं बाबल्या आता डोळे मिटेल, पण डोळे त्याने उघडे ठेवले. खरं होतं म्हणावं तर हे घर राहत नव्हतं, आणि खोटं होतं म्हणावं तर त्या सगळ्या रविवारांचं काय करायचं? जन्मभर खिळ्याला सही देणारा माणूस, आणि दोन शब्दांत उत्तर द्यायची पाळी आली तर विहिरीच्या कठड्याला धरून उभा. सखूने दुसरं पातेलं पुढे ओढलं. ती उत्तराची वाट बघत नव्हती.

तो जाईना. नुसता उभा राहिला. मला तो अंगणवाडीच्या दारात उभ्या राहणाऱ्या पोरासारखा दिसला, आणि माझा नेहमीचा आवाज लागला.

"उभाच हायस तर ही धुतलेली भांडी आत नेऊन ठेव," मी म्हटलं.

त्याने पातेली एकात एक घातली, उचलली आणि घरात शिरला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, ती कुठल्या फळीवर ठेवायची असतात ते विचारत होता.